साडेनऊ फुटी सप बोर्डाला लीश कोणती लावावी आणि ती कशी राखावी?

पुण्याच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे आधी हवा भरायचा सप बोर्ड (उभे राहून वल्हे मारत चालवायचा बोर्ड) होता आणि त्यासोबत आलेली गुंडाळीची, म्हणजे वेटोळ्यांची लीश (बोर्ड अंगाला जोडून ठेवणारी दोरी) ते वापरत असत. आता त्यांनी साडेनऊ फूट लांब आणि ३० इंच रुंद असा फायबरचा कडक बोर्ड वापरलेल्या स्थितीत विकत घेतला आहे. त्यांचे वजन ८० किलोच्या आसपास आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात गोव्यात आश्वे-मांद्रे येथे कमरेएवढ्या लाटांवर, आणि सुट्टीत मालवणजवळच्या देवबागला कर्लीच्या खाडीत सपाट पाण्यावर हा बोर्ड वापरण्याचा त्यांचा विचार आहे. बोर्ड विकणाऱ्याने सांगितले की आठ फुटी, सहा मिलिमीटरची लीश पुरेल, कारण तिची पाण्यात ओढ कमी लागते. मित्राने सांगितले की पोहता येत असेल तर इतक्या लहान लाटांत लीशची गरजच नाही. आणि जुनी गुंडाळीची लीश घरात पडून आहे. या तिन्हींतले काय करावे, आणि लीश किती काळ टिकते व तिची निगा कशी राखावी, असे ते विचारतात.

माझ्या मते इथे दोन प्रश्न एकात मिसळले आहेत. लाटांमध्ये लीश ज्या धोक्यापासून वाचवते तो एक, आणि वाहत्या खाडीत लीशमुळेच जो धोका उभा राहतो तो दुसरा. बोर्ड एकच असला तरी ही दोन पाणी वेगळी आहेत आणि त्यांना एकच लीश चालत नाही. म्हणून माझे उत्तर असे: आश्वे-मांद्र्याच्या लाटांसाठी दहा फुटी, आठ मिलिमीटर जाडीची सरळ लीश घ्यावी, कर्लीसाठी जुनी गुंडाळीची लीश ठेवावी, मात्र ती घोट्याला न बांधता कमरेच्या क्विक रिलीज, म्हणजे चटकन सुटणाऱ्या पट्ट्याला जोडावी, आणि आठ फुटी, सहा मिलिमीटरची लीश फुकट मिळाली तरी या बोर्डाला लावू नये. तुमचे वजन, लाटेची उंची, गर्दी आणि ओहोटीची वेळ यांनुसार यात थोडाफार फरक पडेल, आणि तो कुठे पडतो हे कळण्यासाठी कारणे माहीत असणे आवश्यक आहे.

आधी मित्राच्या म्हणण्याविषयी. स्वतःपुरते पाहिले तर कमरेएवढ्या लाटेत, किनाऱ्याजवळ, चांगले पोहता येणाऱ्या माणसाला लीशवाचून फारसे बिघडणार नाही हे मी मान्य करतो. परंतु तुमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसे त्या हिशेबात येत नाहीत. साडेनऊ फुटी सप बोर्ड नऊ-दहा किलो वजनाचा असतो. तो सुटून फेसाच्या लोटात आडवा झाला की आपल्या पोहण्यापेक्षा कितीतरी वेगाने किनाऱ्याकडे जातो, आणि डिसेंबरमधल्या आश्वे-मांद्र्याला त्या पट्ट्यात लहान मुले, समुद्राकडे पाठ करून फोटो काढणारे पर्यटक आणि नुकतेच शिकायला लागलेले सर्फर असतात. याशिवाय हिवाळ्याच्या सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. लाटांच्या रेषेपलीकडे तुम्ही पडलात आणि बोर्ड सुटला, तर तो किनाऱ्याकडे न येता खोल समुद्राकडे सरकत राहतो आणि त्याचा पाठलाग करणे हा फार वाईट निर्णय ठरतो. तेव्हा लाटा लहान असल्या तरी लीश लावावीच.

त्याच वेळी हेही ध्यानात ठेवावे की लीश हे तरंगण्याचे साधन नव्हे. ती तुटू शकते, पायाच्या पट्ट्याचा वेल्क्रो सुटू शकतो, प्लग (लीश अडकवण्यासाठी बोर्डात बसवलेली खोबण) उखडू शकतो. जिथून बोर्डाशिवाय पोहत परत येता येणार नाही, तिथे निव्वळ लीशच्या भरवशावर जाऊ नये, हा नियम मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

आता लांबीकडे येऊ. लीशच्या लांबीचा विचार करताना ती ताणली जाते आणि मग परत येते, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील सँटा क्रूझ येथे पॅट ओनील यांनी शस्त्रक्रियेसाठी वापरल्या जाणाऱ्या रबरी नळीची लीश करून पाहिली. ती नळी इतकी ताणली जाई की बोर्ड गलोलीसारखा उलटा येई, आणि त्यांचे वडील जॅक ओनील, जे वेटसूटच्या व्यवसायामुळे सर्फिंगच्या जगात सर्वांना ठाऊक होते, त्यांचा डावा डोळा अशाच परत आलेल्या बोर्डाच्या तडाख्याने गेला. आजच्या पॉलियुरेथेनच्या दोऱ्या त्या नळीच्या मानाने पुष्कळ कमी ताणल्या जातात, तरी त्या ताणल्या जातातच, आणि ताणलेली दोरी साठवलेली शक्ती बोर्डाला परत देते. लीश बोर्डापेक्षा आखूड असेल तर ती लवकर ताणली जाते आणि परत येणारा बोर्ड, त्यातही फिन (बोर्डाच्या तळाचा उभा पंख) असलेला मागचा भाग, तुमच्या अंगावर येण्याइतका जवळ असतो. म्हणून लीश बोर्डाइतकी किंवा त्याहून अर्धा ते एक फूट लांब असावी. साडेनऊ फुटांच्या बोर्डाला दहा फुटी लीश हे माप त्यातूनच येते. विकणाऱ्याने सुचवलेली आठ फुटी लीश दीड फुटाने आखूड आहे, आणि लहान सर्फबोर्डासाठी योग्य असलेला सल्ला त्यांनी सपला लावला असावा असे मला वाटते.

मग बारा फुटी का नको? लांब लीश पाण्यात लोंबते, फिनला वेढा घालते, आणि इतरांच्या दृष्टीने धोक्याचे वर्तुळ मोठे करते. हे वर्तुळ किती मोठे असते याचा हिशेब एकदा करून पाहावा. दहा फूट लीश आणि साडेनऊ फूट बोर्ड मिळून जवळजवळ वीस फूट होतात; त्यात ताण आणि तुमच्या पायाची लांबी धरली की पंचवीस फुटांपर्यंतचा माणूस तुमच्या बोर्डाच्या टप्प्यात येतो. लीश लावली म्हणून बोर्ड बेफिकीर सोडून देणारे लोक हा हिशेब करत नाहीत. तुमच्यामागे तीस फुटांच्या आत कोणी असेल तर बोर्ड सोडू नये. सपमध्ये एक हात वल्ह्यात अडकलेला असतो, त्यामुळे मोकळ्या हाताने बोर्डाच्या मागच्या टोकाजवळची लीशची रुंद पट्टी पकडून ठेवणे जमले पाहिजे. ही पट्टीच पकडावी. दोरी हाताला किंवा बोटांना गुंडाळून कधीही धरू नये. लाटेने बोर्ड खेचला की त्या वेढ्यात बोटे मोडतात.

जाडीचे गणित लांबीपेक्षा सोपे आहे. सहा मिलिमीटरच्या दोऱ्या लहान बोर्डांसाठी आणि मुख्यतः वेगासाठी असतात. सप बोर्डाचे आकारमान त्यांच्या कितीतरी पट असते, फुटलेली लाट त्याला तितक्याच जोराने ओढते, आणि तो सगळा जोर त्या एका दोरीवर येतो. आठ मिलिमीटर हे ८० किलोच्या माणसासाठी आणि कमरेएवढ्या लाटेसाठी योग्य माप आहे. पुढे डोक्याएवढ्या लाटांत जाऊ लागलात तर नऊ मिलिमीटरचा विचार करावा. वजन पन्नास-पंचावन्न किलो असेल आणि लाटा नेहमी गुडघ्याएवढ्याच असतील तर सात मिलिमीटरचीही चालते. पाण्यातली ओढ जाड दोरीला थोडी जास्त लागते हे खरे, पण सपवर वल्हे हातात असताना कमरेएवढ्या लाटेत तो फरक जाणवत नाही.

जुनी गुंडाळीची लीश लाटांत का नको, हेही सांगतो. जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी ती वेटोळ्यांची असते, त्यामुळे सपाट पाण्यावर ती बोर्डावरच पडून राहते, पाण्यात लोंबत नाही, शेवाळ किंवा जाळ्याचा तुकडा गोळा करत नाही. तिथे ती उत्तमच आहे. लाटेत मात्र तिची वेटोळी आधी पूर्ण उलगडतात आणि मग सरळ लीशपेक्षा अधिक जोमाने आखडतात, म्हणजे बोर्ड परत येण्याचा मूळ धोका वाढतो. शिवाय पडल्यावर पाय, वल्हे किंवा फिन त्या वेटोळ्यांत अडकणे फार सोपे असते. एखाद-दोन हंगाम वापरलेल्या गुंडाळीच्या लीशची वेटोळी एकमेकांत गुंतून बसलेली मी नेहमी पाहतो, आणि ती सोडवण्याची जागा फेसाळ पाणी ही नव्हे.

कफ, म्हणजे लीशचा पायाला बांधायचा वेल्क्रोचा पट्टा, घोट्याला की पोटरीला, हा बराचसा सवयीचा प्रश्न आहे. सपवर आपण समांतर पायांनी वल्हे मारतो आणि लाट धरताना एक पाय मागे घेतो, त्यामुळे घोट्याची दोरी पायाखाली येण्याचा प्रकार सर्फबोर्डापेक्षा अधिक घडतो. ज्यांना बोर्डावर पुढे-मागे चालायचे असते त्यांना पोटरीचा, गुडघ्याखालचा कफ सोयीचा वाटतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने घोट्याचा घ्यावा असे मी सांगतो, कारण तो नीट बसतो आणि घसरत नाही. लीश मागच्या पायाला बांधावी. डावा पाय पुढे ठेवत असाल तर उजव्याला. कफ ओल्या, वाळू झटकलेल्या पायावर घट्ट लावावा आणि दोरी जिथून निघते तो भाग पायाच्या बाहेरच्या बाजूला आणि किंचित मागे असावा. दोरी आतल्या बाजूने निघत असेल तर दुसरा पाय तिच्यावर पडणारच.

विकत घेताना लोक लांबी, जाडी आणि रंग पाहतात, आणि ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो असतो बोर्डाच्या प्लगमध्ये ओवायचा चार-पाच मिलिमीटरचा लहानसा दोरा. लीशच्या टोकाला जी रुंद, मऊ पट्टी असते तिला रेल सेव्हर म्हणतात. ताण आल्यावर बोर्डाच्या मागच्या कडेवर ही पट्टी टेकावी आणि जोर रुंद जागेवर पसरावा, हे तिचे काम. दोरा लांब बांधला गेला तर पट्टी कडेच्या पलीकडे जाते आणि कडेवर तो बारीक दोरा येतो. दहा फुटी लीशला जोराचा झटका बसला की हा दोरा फायबर चिरत आत जातो; सपच्या मागच्या कडेवर दिसणाऱ्या चिरा पुष्कळदा अशाच पडलेल्या असतात. म्हणून दोरा ओवून, गाठ मारून झाल्यावर लीश मागे ताणून पाहावी आणि बोर्डाच्या कडेला काय टेकते ते डोळ्यांनी बघावे. दोरा टेकत असेल तर तो सोडून आखूड करावा. दोरा प्लगमधल्या पिनखालून दुहेरी ओवून त्याच्याच फासातून काढावा आणि मोकळ्या टोकांची गाठ आधी हाताने घट्ट ओढून मग वापरावी. नव्या दोऱ्याची गाठ पहिल्या ओल्या ताणात सरकते, तेव्हा पहिल्या दिवसानंतर ती पुन्हा तपासावी.

तुमचा बोर्ड वापरलेला आहे, म्हणून प्लगही पाहून घ्या. त्याच्या भोवतीच्या कडेला केसाएवढी चीर आहे का, बोटाने दाबल्यावर ती जागा मऊ लागते का, आतली पिन गंजली किंवा वाकली आहे का, हे पाहावे. चीर असेल तर तिथून आतल्या फोममध्ये पाणी शिरत असते आणि प्लग उखडण्याची वेळ जवळ आलेली असते. अशा बोर्डाला कितीही चांगली लीश लावून उपयोग नाही. आधी दुरुस्ती करावी.

आता कर्लीच्या खाडीविषयी, आणि इथे मी थोडे सविस्तर लिहिणार आहे, कारण सपाट पाणी म्हणून लोक ते सोपे समजतात.

लाटेत लीशवर येणारा जोर क्षणभराचा असतो. लाट येते, ओढते आणि पुढे निघून जाते. दोरी सैल पडते, तुम्ही वर येता, बोर्ड ओढून घेता. त्यामुळे घोट्याचा कफ तिथे सहसा पुरतो. ओहोटीचे पाणी मात्र थांबत नाही. देवबागची जमिनीची चिंचोळी पट्टी एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली अशी आहे, आणि संगमाकडे जाताना सगळे ओहोटीचे पाणी अरुंद मुखातून बाहेर पडते; अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला त्याचा वेग चांगलाच वाढतो. वाटेत नांगरलेल्या पर्यटनाच्या होड्या असतात, त्यांचे तिरके ताणलेले दोर असतात, जाळ्यांसाठी रोवलेले खुंट असतात. समजा, तुम्ही पडलात आणि एका नांगराच्या दोराच्या डाव्या बाजूने बोर्ड गेला, उजव्या बाजूने तुम्ही गेलात. लीश दोरावर अडकते. आता तुमचा घोटा प्रवाहाच्या वरच्या अंगाला बांधलेला आहे, अंग खालच्या अंगाला वाहते आहे, आणि पाणी डोके खाली दाबते आहे. वेल्क्रो सोडायचा तर प्रवाहाविरुद्ध कमरेत वाकून घोट्यापर्यंत हात न्यावा लागतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याची ओढ चौपट होते. साधारण जोराने चालण्याच्या वेगाने वाहणाऱ्या पाण्यातही धडधाकट माणसाला असे वाकता येत नाही, आणि ताणलेला वेल्क्रो तसाही सहज सुटत नाही.

यावरचा उपाय म्हणजे कमरेचा क्विक रिलीज पट्टा. गुंडाळीच्या लीशचे टोक या पट्ट्यावर अडकवलेले असते आणि पुढे एक चेंडू किंवा मूठ असते. ती ओढली की पट्टा उघडून लीशसकट निघून जातो. हात कमरेपर्यंत नेहमी पोहोचतो. वेल्समधील हॅव्हरफर्डवेस्ट येथे ३० ऑक्टोबर २०२१ रोजी सप करणारा एक गट क्लेडाऊ नदीवरच्या बंधाऱ्यावरून वाहून गेला आणि त्यात चौघांचा मृत्यू झाला. फुगलेली नदी आणि बंधारा ही तिथली मोठी कारणे होती, आणि एकट्या लीशवर ती दुर्घटना ढकलता येणार नाही. पण वाहत्या पाण्यात घोट्याची लीश वापरू नये आणि कमरेचा सुटणारा पट्टा वापरावा, असा सल्ला ब्रिटनमध्ये आता सर्वत्र दिला जातो आणि तो आपल्या खाड्यांनाही तसाच लागू आहे.

पट्टा नुसता बांधून भागत नाही. तो तरंगण्याच्या जॅकेटच्या वरून बांधावा, आतून नव्हे, आणि खाडीत जॅकेट घालावेच. पट्ट्याच्या मोकळ्या टोकाला गाठ मारू नये किंवा ते कुठे खोचू नये, कारण मूठ ओढल्यावर ते टोक कडीतून सरकून निघायचे असते. नीटनेटकेपणाच्या हौसेने मारलेली एक गाठ सगळा पट्टा निकामी करते. कंबरभर स्थिर पाण्यात उभे राहून आधी उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग डोळे मिटून पट्टा सोडण्याचा सराव करावा. हा सराव कंटाळवाणा असतो आणि बहुतेक लोक तो टाळतात, म्हणून मी शिकवताना तो झाल्याशिवाय कोणाला बोर्ड देत नाही. कुटुंबाला सोबत नेणार असाल तर मुलांकडूनही तो करून घ्या.

शापोऱ्याच्या मुखाशी मोरजीला किंवा कर्नाटकात मुल्कीला शांभवीच्या मुखाशी लाट आणि प्रवाह एकत्र असतात. अशा ठिकाणी काय वापरावे याबद्दल अनुभवी लोकांतही मतभेद आहेत. फेसात कमरेचा पट्टा चुकून सुटू शकतो हा आक्षेप खरा आहे. तरीही मी तिथे कमरेचा पट्टा आणि सरळ लीश पसंत करतो, आणि मुख्य म्हणजे भरतीच्या पाण्यावरच जातो. भरतीचा प्रवाह आत ढकलतो, तर ओहोटीत तोच प्रवाह बाहेर नेतो आणि समोरून येणाऱ्या लाटा त्याला भिडून उभ्या व वेड्यावाकड्या होतात. कोलाडच्या कुंडलिकेसारखे खळाळते, दगडाधोंड्यांचे पाणी हा आणखी निराळा विषय आहे आणि तिथे प्रत्यक्ष प्रशिक्षणाशिवाय सप घेऊन जाऊ नये.

देखभालीत खर्चिक असे काहीच नाही, फक्त ती प्रत्येक वेळी करावी लागते. पाण्यातून आल्यावर लीश गोड्या पाण्याने धुवावी, आणि केवळ दोरी भिजवून न थांबता दोन्ही टोकांच्या स्विव्हेल, म्हणजे फिरत्या कड्या, पाण्याखाली धरून बोटांनी फिरवाव्यात. कडीत बसलेले मीठ आणि बारीक वाळू तिला आधी करकरायला लावते आणि मग घट्ट बसवते. कडी फिरेनाशी झाली की दोरीला पीळ पडू लागतो आणि पीळ पडलेली दोरी पायाला वेढा घालते. कडीत तेल घालू नये. तेलाला वाळू चिकटते आणि दुखणे वाढते. कडी स्टेनलेस स्टीलची असली तरी कोकणच्या खाऱ्या हवेत तिच्यावर गंजाचे ठिपके येतात. ठिपके पुसून जात असतील तर चिंता नाही, खळगे पडले असतील तर लीश बदलावी.

वेल्क्रोच्या काट्यांत वाळू, केस आणि टॉवेलचे धागे अडकतात. जुन्या टूथब्रशने ते काढावेत आणि ठेवताना वेल्क्रो बंद करून ठेवावा, म्हणजे तो आणखी काही उचलत नाही. निओप्रीनचा (मऊ, फोमसारख्या रबराचा) कफ सावलीत, वाऱ्यावर, उलटा करून वाळवावा. पावसाळ्यात बंद खोलीत ठेवलेल्या कफावर बुरशी धरते आणि त्याची शिवण कुजते, म्हणून जूनमध्ये ठेवणीत टाकण्यापूर्वी तो पूर्ण कोरडा आहे ना हे पाहावे.

ऊन आणि उष्णता हे पॉलियुरेथेनचे खरे शत्रू आहेत. लीश बोर्डाला लावून गाडीच्या टपावर पुणे-गोवा नेऊ नये. ऊनही लागते आणि वाऱ्याने कडी बोर्डावर आपटते. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावरही ती ठेवू नये. फिनभोवती घट्ट गुंडाळून ठेवण्याची सवय फार प्रचलित आहे आणि ती वाईट आहे: दोरी त्या आकारात वळण घेते आणि नंतर पाण्यात सरळ होत नाही. लीश सुटी करून मोठ्या, सैल वेटोळ्यात किंवा कफाच्या आधाराने खुंटीला सरळ टांगून ठेवावी.

आता ती कधी बदलावी. वर्षांचा आकडा मी सांगतो तो अंदाजापुरताच घ्यावा: हंगामभर आठवड्यातून दोन-तीनदा लाटांत जाणाऱ्याने दर हंगामाला नवी घ्यावी, तुमच्यासारख्या, महिन्यातून एखाद्या आठवड्याअखेरीस जाणाऱ्याची दोन वर्षे टिकू शकते. पण खरा निर्णय हात आणि डोळे लावून करायचा असतो. दोरी दोन्ही हातांच्या बोटांत धरून वीतभर अंतराने वाकवत पूर्ण लांबी तपासावी. सरळ असताना न दिसणारी बारीक चीर वाकवल्यावर तोंड उघडते. अशी चीर बहुधा फिनच्या धारेने किंवा खडकांवरच्या कालवांनी पडलेली असते. ती कितीही लहान असली तरी पुढचा मोठा ताण तिथेच पडणार, म्हणून लीश बाद समजावी. दोरीचा एखादा भाग इतर भागापेक्षा बारीक झाला असेल, पांढुरका पडला असेल, किंवा घेतली तेव्हापेक्षा लीश लक्षात येईल इतकी लांब झाली असेल, तर ती ताणाच्या मर्यादेपलीकडे गेलेली आहे. सर्वांत जास्त लक्ष दोन टोकांकडे द्यावे, जिथे दोरी कफाच्या आणि पट्टीच्या साच्यात शिरते. लीश तुटते ती बहुतेक वेळा तिथेच. एखाद्या मोठ्या लाटेत जबरदस्त हिसका बसला असेल तर त्या दिवशीच तपासणी करावी, पुढच्या सहलीची वाट पाहू नये.

वेल्क्रोची परीक्षा सोपी आहे. कफ पायाला लावून दोरी हाताने झटके देत ओढावी. टोक उचलले जात असेल तर ब्रशने साफ करून पुन्हा पाहावे, आणि तरीही उचलले गेले तर बदलावा. काही लीशचा कफ वेगळा मिळतो, बहुतेकांचा मिळत नाही. तुटलेल्या दोरीला गाठ मारून किंवा चिकटपट्टी लावून ती पुन्हा वापरणे मात्र कधीच करू नये. बाद झालेली लीश 'शिकणाऱ्यांसाठी असू द्या' म्हणून ठेवून देण्याची रीत काही ठिकाणी दिसते. पण बोर्ड आवरायचा कसा हे शिकणाऱ्यालाच सर्वांत कमी ठाऊक असते, त्यामुळे ती रीत उलटी आहे. लीशच्या मानाने प्लगमधला दोरा फारच स्वस्त असतो. तो प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला, चांगला दिसत असला तरी, बदलून टाकावा.

शेवटी, तुम्ही विचारलेले नाही पण गोव्यात हमखास प्रसंग येतो म्हणून भाड्याच्या बोर्डाबद्दल. तिथे बोर्ड पाहण्याआधी लीश पाहावी: लांबी बोर्डाइतकी आहे का, कडी फिरते का, टोकांना चीर आहे का, दोरा ताणल्यावर बोर्डाच्या कडेवर येतो का. यात काही कमी असेल तर संकोच न करता दुसरी मागावी. चांगली शाळा ती लगेच देते. नाहीतर स्वतःची दहा फुटी लीश पिशवीत घेऊन जाणे काही अवघड नाही. ती नेत असाल तर दोऱ्याचा एक जादा तुकडाही सोबत ठेवा, कारण भाड्याच्या बोर्डांचे प्लग कधी कडेपासून दूर तर कधी अगदी जवळ असतात आणि घरच्या बोर्डाच्या मापाने बांधलेला दोरा तिथे लांब पडू शकतो.